बूट-रिपेअर: फॉरमॅट मारायच्या आधी हे एकदा चालवून बघा

डिस्कच्या पार्टिशनला (सी, डी, ई अशा भागांना) हात लावला आणि पीसी चालूच होईना, अशी केस दुकानात नेली की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं, फॉरमॅट मारावा लागेल. माझ्या आतेभावालाही तेच सांगितलं, वर डेटा रिकव्हरीचे पैसे वेगळे. तो डीटीपी करतो, ऐन लग्नसराईत सगळ्या पत्रिकांच्या फायली त्याच डिस्कवर. शेवटी बूट-रिपेअरने, म्हणजे पीसी सुरू होण्यातला बिघाड दुरुस्त करणाऱ्या टूलने, काम झालं म्हणून हा रिव्ह्यू. फुकट आहे, आणि लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) पेन ड्राइव्हवर आधीपासून असतंच, मेन्यूत अ‍ॅडमिनिस्ट्रेशनखाली.

आता झालं होतं काय, तर जुना पीसी, एमबीआरवाली (पार्टिशनची यादी ठेवायची जुनी पद्धत) डिस्क, विंडोज आणि मिंट दोन्ही. भाऊने विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ई ड्राइव्ह उडवला, डी मोठा करायचा होता म्हणे. एमबीआरमध्ये लॉजिकल पार्टिशनचे (एका मोठ्या पार्टिशनच्या आत पाडलेल्या भागांचे) नंबर ५ पासून सुरू होतात आणि रेशनच्या रांगेतून मधलाच एकजण निघून गेला तर होतं तसं, मागचे सगळे एकेक नंबर पुढे सरकतात. मिंट ७ वर होतं ते ६ वर आलं आणि ग्रब, म्हणजे पीसी चालू होताना विंडोज की मिंट असा मेन्यू दाखवणारा प्रोग्राम, आपला ७ नंबरच शोधत बसला. स्क्रीनवर 'नो सच पार्टिशन' आणि खाली ग्रब रेस्क्यू अशी कमांडची ओळ, बास. विंडोजही उघडेना, कारण त्याचा रस्तासुद्धा ग्रबमधूनच. डेटा मात्र सगळा जागच्या जागी, लाइव्ह मिंटमधून डी उघडून फायली बघितल्या तेव्हा कुठे भाऊच्या जिवात जीव आला.

बूट-रिपेअर उघडलं की डिस्क स्कॅन करतं आणि मग 'रेकमेंडेड रिपेअर' असं मोठं बटन येतं, ते दाबायचं. ग्रब नव्याने बसतं, रीस्टार्ट केल्यावर मेन्यू हजर, विंडोज लगेच सुरू. टर्मिनलला घाबरणाऱ्यांसाठी खरंच भारी आहे.

पण मिंट काही लगेच आलं नाही हां. दीड मिनिट नुसतं थांबलं आणि इमर्जन्सी मोडमध्ये गेलं, कारण एफएसटॅब फाईलमध्ये (सुरू होताना कुठली पार्टिशन जोडायची याची यादी) उडवलेल्या ई ड्राइव्हची ओळ तशीच होती आणि तो मिळेपर्यंत सिस्टीम वाट बघत होती. बूट-रिपेअरने तिकडे बघितलंच नाही. परत लाइव्हमधून जाऊन त्या ओळीच्या आधी हॅश (#) टाकला, म्हणजे सिस्टीम ती ओळ सोडून देते, तेव्हा चालू झालं. नवशिक्या माणूस इथे नक्की अडकणार, म्हणून एक स्टार कापला, ५ पैकी ४.

अजून एक, पेन ड्राइव्ह बूट करताना मोड बघा, यूईएफआय (पीसी सुरू होण्याची नवी पद्धत) की लेगसी (जुनी). सिस्टीम यूईएफआयमध्ये इन्स्टॉल असेल तर पेन ड्राइव्हही यूईएफआयमध्येच, लेगसी असेल तर लेगसीमध्ये, नाहीतर रिपेअर चुकीच्या पद्धतीने होतं आणि माणूस टूलला शिव्या घालत बसतो. नेट पण जोडून ठेवा.

पार्टिशनच गायब झालं असेल तर मात्र इथे वेळ घालवू नका, त्याला टेस्टडिस्क हे हरवलेलं पार्टिशन शोधणारं टूल लागतं, आणि ते होईपर्यंत त्या डिस्कवर काहीही कॉपी करायचं नाही. आणि लिनक्स नाहीच, नुसतं विंडोज असेल तर विंडोजच्याच इन्स्टॉल पेन ड्राइव्हवरचं स्टार्टअप रिपेअर आधी चालवा.