अलार्म विनाकारण वाजतो म्हणून बॅटरी गळ्यात मारली: नाशिकच्या गाडीमालकांसाठी

इंदिरानगरच्या एका गाडीमालकाची ही हकिगत. त्यांनी हॅचबॅकला बाहेरच्या दुकानातून अलार्म बसवून घेतला. पाऊस सुरू झाला तसा सायरन रात्री-बेरात्री वाजायला लागला. दुकानदाराने आधी "बॅटरी बसलीय" म्हणून नवी बॅटरी गळ्यात मारली. सायरन थांबला नाही. मग "मॉड्यूल जळालंय" असं सांगून दुसरं मॉड्यूल, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा, लावलं आणि त्याचे पैसे वेगळे घेतले. त्यानंतर गाडी गप्प झाली.

ती का गप्प झाली, हे स्टिअरिंगखालचं कव्हर काढल्यावर कळलं. शॉक सेन्सरचा (गाडीला धक्का बसला की ओळखणाऱ्या भागाचा) प्लग उपटून टेपमध्ये गुंडाळून ठेवला होता आणि दरवाजा-बॉनेटच्या ट्रिगर वायरी, म्हणजे ते उघडल्याचं अलार्मला कळवणाऱ्या वायरी, कापलेल्या होत्या. रिमोट दाबला की बीप येत होता, इंडिकेटर लागत होते, लाल एलईडी लुकलुकत होता. पण कुणी दरवाजा उघडून आत बसला असता तरी सायरन वाजला नसता. "नव्या" मॉड्यूलचे स्क्रू आधी उघडल्याच्या खुणा होत्या आणि सिरीयल नंबरचा स्टिकर खरवडलेला होता. बॅटरी, मॉड्यूल आणि मजुरी असे तिन्ही पैसे गेले आणि गाडी मात्र राखणीविना उभी राहिली. यातला सगळ्यात संतापजनक भाग हाच आहे, कारण मालकाला आपली गाडी सुरक्षित आहे असंच वाटत होतं.

मूळ दोष होता बॉनेटच्या पुश स्विचमध्ये, आणि हा भाग शंभरेक रुपयांत मिळतो. तो पावसाचं पाणी वाहून जातं त्या पन्हळीतच बसवला होता. वरची रबरी टोपी नव्हती, पिन गंजली होती. स्विच आणि बॉडीमध्ये ओल आली की वायर थोडीशी अर्थ होते (गाडीच्या पत्र्याला जोडली जाते), आणि अलार्मला वाटतं बॉनेट उघडलं. हा स्विच पन्हळीच्या वर, कोरड्या जागी हवा. बॉनेट बंद केल्यावर पिन संपर्क तुटण्याच्या बिंदूपासून किमान सहा मिलिमीटर आणखी दाबली गेली पाहिजे, नाहीतर हादऱ्याने संपर्क लागत-सुटत राहतो.

दुकानदार मुद्दाम सांगत नाहीत अशी एक गोष्ट आहे. सायरन कशामुळे वाजला ते बऱ्याच अलार्मच्या मेमरीत राहतं. वाजून गेल्यावर रिमोटने बंद केलं की एलईडी ठरावीक वेळा लुकलुकतो: शॉकसाठी एक आकडा, दरवाजासाठी दुसरा, बॉनेटसाठी तिसरा. हे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात आणि सोबतच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. म्हणून पुस्तिका दुकानातच ठेवून घेणाऱ्याकडून अलार्म घेऊ नका.

पुस्तिका नसेल तर एकेक वायर बाजूला करून दोष शोधता येतो. आधी शॉक सेन्सरचा प्लग काढा आणि एक रात्र गाडी लॉक करून ठेवा. वाजला नाही तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या सेटिंगचा. वाजलाच तर प्लग परत लावून बॉनेटची वायर सोडा, मग दरवाजांची. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही.

दरवाजाची वायर मल्टिमीटरने डीसी व्होल्टवर तपासा. बहुतेक गाड्यांत दरवाजा बंद असताना साधारण १२ व्होल्ट (काही गाड्यांत ५) आणि उघडल्यावर शून्य दिसतं. बंद दरवाजा हलवल्यावर आकडा नाचला, किंवा १२ ऐवजी ७-८ वर अडकला, तर स्विच गेला आहे किंवा त्यात ओल आहे. आतल्या दिव्याला एलईडी बल्ब लावला असेल तर हा त्रास वाढतो, कारण जुन्या बल्बच्या तारेतून त्या वायरला मिळणारा भक्कम १२ व्होल्टचा आधार उरत नाही. नव्या गाड्यांत आतला दिवा हळूहळू विझतो. अलार्मची वायर दिव्याला जोडली तर त्या काही सेकंदांत दरवाजा उघडाच आहे असं वाचलं जातं. वायर दिव्याला नाही, दरवाजाच्या स्विचला जोडायची. चारही दरवाजे एकाच इनपुटवर आणायचे असतील तर प्रत्येक वायरमध्ये १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकायचा, त्याच्यावरची पट्टी स्विचच्या बाजूला. हा डायोड एक-दोन रुपयांना मिळतो, तरी अनेक जण टाकत नाहीत.

नव्या गाडीत बल्बचा टेस्टिंग लॅम्प वापरू देऊ नका, त्याचा करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूलला झेपत नाही. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही.

शॉक सेन्सर पत्र्याच्या घट्ट ब्रॅकेटला बसवावा. वायरच्या जुडग्याला लटकवलेला सेन्सर स्वतःच हलत राहतो. द्वारका किंवा मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडला गाडी उभी राहत असेल तर ट्रकचे हादरे धरून सेटिंग करावं लागतं. मिरवणुकीत नाशिक ढोलाचा ठोका जवळून गेला तर जास्त संवेदनशील ठेवलेला सेन्सर वाजणारच, तो दोष नाही. सेन्सरच्या सेटिंगचा स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवत, काचेवर मुठीने मध्यम ठोका मारून प्रत्येक वेळी तपासा. तो शून्यावर नेऊन "झालं काम" म्हणणारा माणूस फसवतोय.

अलार्मची अर्थ वायर गाडीच्या बॉडीला कुठे जोडली तेही बघा. प्लास्टिकमध्ये बसलेल्या किंवा रंगावर कसलेल्या बोल्टची अर्थ चालत नाही. रंग खरवडून रिंग टर्मिनल लावायचं. सायरन चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून अलार्मच्या अर्थ वायरपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्ची आहे. पीळ मारून टेप लावलेले जोड उन्हाळ्यात सुटतात, कारण चैत्र-वैशाखात डॅशबोर्डखाली टेपचा गोंद पातळ होऊन घसरतो. सोल्डर आणि हीट-श्रिंक नळीच (गरम केल्यावर आवळणारी नळी) हवी.

आता बॅटरीचं. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. "बॅटरी बसलीय" म्हणणाऱ्याला हे आकडे मीटरवर दाखवायला सांगा. बॅटरी खरोखर उतरत असेल तर आधी गळती मोजा: निगेटिव्ह केबल काढून मीटर १० अँपिअरवर ठेवून केबल आणि बॅटरीच्या टोकाच्या मध्ये लावायचा, सगळं बंद करून अर्धा तास थांबायचं. रीडिंग ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. ३०० मिलिअँपिअर गळत असतील तर ३५ अँपिअर-तासाची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी होते, नवी घातली तरी तेच होणार.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना दुकानदारासमोर हे करा. एक काच खाली ठेवून रिमोटने लॉक करा, एक मिनिट थांबा, हात आत घालून आतून दरवाजा उघडा. सायरन वाजलाच पाहिजे. बॉनेटसाठी तेच, ते आधी उघडून हाताने दाबून धरा, लॉक करून एक मिनिट थांबा आणि मग सोडा. बदललेला जुना भाग मागून घ्या. बिलावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या, नुसतं "फिटिंग" असं लिहिलेलं बिल तक्रारीच्या वेळी कामाचं नसतं.

बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि दुकानदाराला दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क लागत नाही. कापलेल्या वायरींचे आणि उपटलेल्या प्लगचे फोटो मात्र दुसऱ्या कारागिराने जोडणी करण्याआधीच, गाडीचा नंबर दिसेल असे काढून ठेवा.