एमएक्स-५ खाली बसवली: बीसी रेसिंगचे कॉइलओव्हर आणि एन्कायची आरपीएफ१ व्हील्स, दीड वर्षाचा अनुभव

गाडी १९९२ ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानहून इंग्लंडात आलेली पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १६०० सीसी, डोळे उघडझाप करणारे हेडलाईट. वजन साधारण साडेनऊशे किलो, चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी हात), त्यामुळे ही गाडी मुळातच इतकी छान वळते की तिच्या सस्पेन्शनला हात लावायच्या आधी दहा वेळा विचार करा हे मी अगदी मनापासून सांगतो. मी नाही केला. पैसे दोनदा गेले, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिल्या वेळी काय झालं ते आधी. मडगार्ड आणि टायरमधला तो चार बोटांचा गॅप मला बघवत नव्हता, म्हणून स्वस्तातल्या लोअरिंग स्प्रिंगा घेतल्या आणि गाडीच्याच जुन्या शॉकअपवर चढवल्या. सोबत कुणाकडून तरी वापरलेली पंधरा इंची, आठ इंच रुंद अलॉय उचलली, ऑफसेट (हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, टेकणारं तोंड रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते) शून्य, बाहेर आलेली खोल कड, फोटोत काय दिसत होती! विकणारा म्हणाला चार बाय शंभरची पीसीडी आहे (१०० मिमीच्या वर्तुळावर चार भोकं), बसणारच. बसली की, चारही नट व्यवस्थित लागले. पण त्याच आठवड्यात पहिल्याच मोठ्या राउंडअबाउटला मागून खर्रर्र आवाज आला, उतरून बघितलं तर टायरच्या खांद्यावर गोल कापल्याची रेघ आणि मडगार्डच्या आतल्या पत्र्याची कड चकचकीत झालेली. त्या महिन्यात आई सांगलीहून आली होती, तिला हौसेने फिरवायला घेऊन गेलो तर एका स्पीडब्रेकरवर तिने दरवाजाच गच्च धरला आणि म्हणाली, "अरे, एसटीच्या शेवटच्या सीटवर बसल्यासारखं वाटतंय." ते वाक्य डोक्यातून गेलंच नाही.

चूक कुठे होती ते नंतर कळलं. या गाडीच्या शॉकअपला दबायला जागाच कमी. आखूड स्प्रिंग लावली की गाडी उभी असतानाच जवळजवळ बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या शेवटच्या रबरी अडणीवर, टेकते, मग खड्डा आला की स्प्रिंग काम करतच नाही, तो रबराचा तुकडाच सगळा धक्का झेलतो आणि थेट तुमच्या पाठीत घालतो. लोक म्हणतात स्प्रिंग हार्ड आहे, पण बऱ्याचदा स्प्रिंगचा दोष नसतोच, दबायची जागा संपलेली असते.

आणि व्हीलचं गणित तर अगदी साधं आहे, मी आधी केलं नाही इतकंच. कंपनीची चाकं १४ इंची, साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५. म्हणजे हबच्या तोंडापासून रिमची बाहेरची कड साधारण २५ मिमीवर. माझी ती आठ इंची, ऑफसेट शून्यवाली? १०२ मिमी! एका बाजूला तब्बल ७७ मिमी चाक बाहेर आलं होतं. पीसीडी बघून व्हील घेणं म्हणजे नुसता नंबर बघून चप्पल घेणं, पाऊल केवढं रुंद आहे ते कोण बघणार? रुंदी अर्धी करा, मिलिमीटरमध्ये घ्या, त्यातून ऑफसेट वजा करा, बाहेरची बाजू मिळते. ऑफसेट मिळवला की आतली बाजू. दोन मिनिटांचं काम आहे.

आता दुसऱ्या वेळी काय घेतलं ते. बीसी रेसिंगचा बीआर कॉइलओव्हर सेट (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड), तैवानचा, हजार पौंडांच्या आत मिळाला. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उंची खालच्या ब्रॅकेटने बदलते, स्प्रिंगची सीट हलवावी लागत नाही. म्हणजे गाडी खाली घेतली तरी शॉकअपचा दबायचा प्रवास तेवढाच राहतो. तीस क्लिकचं डॅम्पिंग (शॉकअप किती कडक वागेल ते) आहे, वरून हाताने फिरतं. मी मऊ टोकापासून पुढे आठ आणि मागे सहा क्लिकवर ठेवतो, इथल्या गावातल्या रस्त्यांना तेच बरं पडतं. गादीवर बसल्यासारखी गाडी हवी असेल तर कॉइलओव्हर घेऊच नका, चांगले नवीन शॉकअप आणि कंपनीच्याच उंचीच्या स्प्रिंगा टाका, या गाडीला तेही शोभतं.

उंची मी जमिनीपासून मोजत नाही, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो, कारण टायर बदलला तरी तो आकडा हलत नाही. पुढे ३४०, मागे ३४५ मिमी. कंपनीच्या उंचीपेक्षा साधारण तीस मिमी खाली, बस्स. यापेक्षा खाली घेतली की फोटो भारी येतात पण खालचे विशबोन चाकाच्या बाजूला वर तोंड करून बसतात, मग गाडीचा रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातो आणि वळणात गाडी उलट जास्तच झुकायला बघते. खाली घेतली म्हणजे चांगली वळेल असं सरसकट नसतं.

एक युक्ती सांगतो, शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा आणि खाली सरकवून ठेवा. मी ॲशबोर्नवरून बक्स्टनला जाणाऱ्या ए५१५ वर तासभर जाऊन आलो, घरी येऊन टायर काढून बघितलं तर पुढची टाय बंप स्टॉपच्या बोटभर अलीकडे थांबली होती. त्या बोटभर जागेचा मला जेवढा आनंद झाला तेवढा गाडी पहिल्यांदा खाली बसल्यावरही झाला नव्हता.

व्हील्स एन्काय आरपीएफ१, पंधरा बाय सात, ऑफसेट ३५. गणित केलं तर बाहेर २९ मिमी जास्त आणि आत ९ मिमी जास्त, गाडीच्या या उंचीला मडगार्डची आतली कड न दुमडता बसली, मागे थोडासा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) आहे त्याचीही मदत होते. एक व्हील पाच किलोच्या आत, हातात घेतलं की विश्वास बसत नाही. टायर १९५/५०आर१५, आणि यात मजा अशी की जुन्या १८५/६०आर१४ चा व्यास ५७८ मिमी आणि याचा ५७६, म्हणजे स्पीडोमीटर जागच्या जागी. व्हीलचा मधला होल मोठा आहे आणि माझदाचा हब ५४.१ मिमीचा, तेव्हा ती फट भरणाऱ्या स्पिगॉट रिंगा आठवणीने मागवा, नाहीतर चाक नुसत्या नटांवर सेंटर होतं.

फिटिंगबद्दल. इथला रस्त्यावरचा मीठमिश्रित हिवाळा या गाडीला खाऊन टाकतो. विशबोनचे ॲडजस्ट करायचे बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) नळीत गंजून एकजीव झालेले असतात. माझे चार बोल्ट करवतीने कापावे लागले, म्हणून नवीन बोल्ट आधीच आणून ठेवा. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना कधीच शेवटचे टाईट करू नका. चाकांवर उभी करून मग पाना मारा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. एका गॅरेजने माझ्या पहिल्या वेळी नेमकं हेच केलं होतं.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, माझं वजन सीटवर ठेवून करून घेतलं, पुढे कॅम्बर उणे एक अंश, मागे उणे दीड, मागे किंचित टो-इन (चाकांची पुढची बाजू जरा आत). स्टिअरिंगवर त्या दिवशी जो फरक पडला तो पार्टपेक्षाही या एका तासाचा होता असं माझं मत आहे.

आई यंदा परत आली. बेकवेलपर्यंत नेलं, जाताना निम्म्या वाटेत झोपली होती.

इंग्लंडात असाल तर दोन कामं त्याच आठवड्यात करा. इन्शुरन्सवाल्याला स्प्रिंगा-शॉकअप आणि व्हील बदलल्याचं कळवा, न सांगितल्यास क्लेमच्या वेळी अडकाल. आणि हेडलाईटचा फोकस परत लावून घ्या, पुढचा भाग मागच्यापेक्षा कमी-जास्त खाली बसला की तो हलतो आणि एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीत, तपासतात. कंपनीची ती डेझी व्हील्स मात्र विकू नका, माझी चारही चादरीत गुंडाळून माळ्यावर आहेत.