तांब्याचा बंब घेताय? चकाकी राहू दे, आधी आतली नळी बघा

सध्या बरेच जण तांब्याचा बंब शोधतायत, कोणी होमस्टेसाठी, कोणी फार्महाऊसवर, कोणी गावच्या घरी लाइटचा भरवसा नाही म्हणून, आणि दुकानात गेलं की सगळे बघतात काय तर बाहेरचा लालसर रंग आणि ठोक्यांची नक्षी. ती नक्षी, ज्याला मठारकाम म्हणतात, खरंच देखणी असते आणि नुसती शोभेची पण नसते, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. पण पाणी तापतं ते आतल्या कामामुळे. आमच्याकडे आजोबांच्या वेळचा बंब आहे, अजून रोज पेटतो, आणि मेहुण्याने हिवाळ्याच्या तोंडावर एका दुकानातून नवाकोरा घेतला. दोन्ही वापरून बघितले, आतून हात घालून बघितले, त्यावरून हे लिहितोय.

ज्यांनी फक्त हॉटेलच्या कोपऱ्यात झाड लावलेला बंब बघितलाय त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. बाहेरून पिंप, मधोमध खालपासून वरपर्यंत आरपार नळी, नळीच्या तळाला बिडाची जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, आणि हे सगळं तीन पायांवर. जळण नळीत वरून टाकायचं, पाणी नळीच्या भोवती. म्हणजे चुलीवर हंडा ठेवतो तेव्हा जाळ भांड्याच्या बाहेर असतो आणि निम्म्याहून जास्त ऊब बाजूने उडून जाते, इथे जाळच पाण्याच्या पोटात असतो, त्याला पाण्याशिवाय दुसरीकडे जायला जागाच कमी. वर गरम हवा चढली की खालून जाळीतून थंड हवा आपोआप ओढली जाते, त्यामुळे फुंकणी लागत नाही, भाता लागत नाही. काश्मीरमधला समोवार, रशियात तुला शहरातले समोवार, सगळ्यांचं मूळ हेच, फक्त तिथे चहाचं पाणी तापतं आणि आपल्याकडे अंघोळीचं.

आता नळी. आमच्या जुन्या बंबाची नळी खाली रुंद आहे आणि वर जाताना निमुळती होते. हे दिसायला साधं वाटतं पण सगळी करामत तिथेच आहे. खाली रुंद म्हणून जाळाला पसरायला जागा मिळते, चार ढलप्या आडव्यातिडव्या पडल्या तरी मधून हवा खेळते, आणि वर अरुंद म्हणून तापलेला धूर नळीच्या भिंतीला घासून जातो आणि जाता जाता आपली ऊब पाण्याला देऊन जातो. मेहुण्याच्या नव्या बंबात सरळसोट पाइप आहे, तोही बारीक. दोन लाकडं टाकली की जाळ गुदमरतो, मग धूर, मग डोळे चोळत कागद कोंबा, आणि एकदा पेटला की ज्योत थेट वरच्या तोंडातून बाहेर. बंबाच्या वर ज्योत दिसली म्हणजे तेवढं जळण आभाळाला दिलं असं समजा. वरचं टोपण अर्धं सरकवून ठेवलं तर थोडं आवरतं, पण मुळात नळी चुकली की टोपणाने किती भागणार.

हिशोब करून बघा. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते. चाळीस लिटर पाणी ३० अंशांनी वाढवायचं तर १२०० किलोकॅलरी. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला साधारण ३५०० किलोकॅलरी देतं, त्यातली निम्मी वाया गेली असं धरलं तरी पाऊण किलोच्या आतबाहेर लाकडात दोन बादल्या कडक पाणी व्हायला पाहिजे. हेच विजेवर केलं तर १.४ युनिट, म्हणजे दोन किलोवॅटचा गिझर पाऊण तास. आमचा बंब या हिशोबाच्या जवळपास राहतो, नव्याला त्याच पाण्याला दुप्पट जळण सहज जातं, आणि लाकूड तेच, झाडही तेच, आमच्या मागच्या आंब्याची फांदी!

दुसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी बाहेर कसं येतं. बंब दोन जातीचे मिळतात. एक तोटीवाला, खाली पितळी तोटी असते, फिरवली की पाणी येतं. दुसरा नरसाळ्याचा, याला खाली तोटी नसते, एका बाजूला नरसाळं आणि दुसऱ्या बाजूला काठाजवळ पाणी पडायचं तोंड, जेवढं गार पाणी नरसाळ्यात ओताल तेवढंच गरम पाणी पलीकडून बादलीत पडतं. नरसाळ्याची नळी आत थेट तळापर्यंत उतरलेली असते, म्हणून गार पाणी खाली जाऊन बसतं आणि गरम पाणी, जे हलकं होऊन वर जमलेलं असतं, ते ढकललं जाऊन बाहेर येतं. आज बाथरूममध्ये जो विजेचा गिझर लटकतो त्यातही हेच, गार पाणी खालून आत आणि गरम वरून बाहेर. कुठल्या तांबटाने हे पहिल्यांदा केलं त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही पण मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

कारण या रचनेत बंब कधी रिकामाच होत नाही. पाणी घ्यायचं तर आधी ओतावंच लागतं. आणि बंबाचं मरण कशात आहे तर पाणी नसताना जाळ होण्यात. जोपर्यंत पत्र्याच्या पलीकडे पाणी आहे तोपर्यंत तो पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही, पाणीच त्याला धरून ठेवतं. पाणी गेलं की तापमान भराभर चढतं, आणि सांधे ज्याने जोडतात ते कथील वितळतं २३२ अंशाला, शिसं मिसळलेला डाग, म्हणजे सोल्डर, तर त्याच्याही आधी, म्हणजे सांधा सुटायला काही मिनिटं पुरतात. तोटीवाल्या बंबात सकाळच्या घाईत एकामागून एक बादल्या काढल्या जातात, पाणी खाली उतरतं, नळीचा वरचा भाग उघडा पडतो आणि जाळ चालूच. मेहुण्याच्या बंबाला पहिल्याच हिवाळ्यात नळीच्या वरच्या सांध्यातून पाझर सुरू झाला तो असाच. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला नीट वापरला नसेल. मला हे पटत नाही, रोजच्या वापरात घरातलं कोणीही, म्हातारं माणूस असो की पोर, विसरणारच, मग वस्तू तशी बनवायला नको का.

तोटीवाल्याची बाजू पण सांगतो. तोटीखाली बादली ठेवली की झालं, तांब्या तांब्या ओतत बसावं लागत नाही, आजीसारख्या ज्यांना उचलाउचल जमत नाही त्यांना सोपं. पण तोटी खाली असल्याने पहिलं पाणी कोमट येतं, वरचं कडक पाणी शेवटी. आणि नरसाळ्याच्या बंबाला पण एक पथ्य आहे, गार पाणी धबाधबा ओतायचं नाही, नाहीतर आत सगळं घुसळून मिसळतं आणि दुसरी बादली कोमट होते. आम्ही टाकीच्या नळाला पाइप लावून बारीक धार नरसाळ्यात सोडतो, बादली आपोआप भरते. फक्त लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा, वरच्या तोंडातून येणारं पाणी कधीकधी उकळीच्या जवळ असतं.

तांबं की स्टील हा प्रश्न सगळेच विचारतात. दुकानदार सांगतात तांब्यात पाणी लवकर तापतं. तांबं उष्णता स्टीलपेक्षा वीसपंचवीस पट चांगली नेतं हे खरंच आहे, पण बंबाचा पत्रा एखादा मिलिमीटर जाड, एवढ्याशा जाडीतून उष्णता जायला स्टीललाही वेळ लागत नाही, खरी अडचण धुराकडून पत्र्याकडे ऊब जाण्यात असते आणि ती दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे केवळ लवकर तापतं म्हणून तांब्याला जास्त पैसे देऊ नका. तांब्याला पैसे द्यायचे ते दुरुस्तीसाठी. पोचा आला तर ठोकून काढता येतो, सांधा गेला तर डाग देता येतो, तळ गेला तर तळ बदलता येतो, आणि सगळं संपलं तरी मोडीला वजनावर पैसे येतात. स्टीलचं वेल्डिंग तडकलं की गावात ते नीट करणारा माणूस सापडणं कठीण. आणि जस्त चढवलेला लोखंडी पत्रा तर अजिबात नको, जस्त गेलं की आतून गंज धरतो.

आमचा बंब पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून दुरुस्त करून आणलाय. तिथले तांबट मूळचे कोकणातले, पेशवाईत पुण्यात आले, आणि आजही त्या आळीत शिरलं की ठोक्यांचा आवाज आधी ऐकू येतो. कारागिराने बंब उलटा केला, आत बॅटरी मारली, आणि पहिल्यांदा बोटाने नळीचा खालचा सांधा चाचपला, बाहेरच्या पोच्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मग नळीत काजळीचा थर दाखवला, जवळजवळ बोटाच्या नखाएवढा जाड. म्हणाला, हे खरवडा, निम्मं जळण वाचेल. निम्मं नाही पण फरक लगेच कळला. काजळी ऊब अडवते, आणि आतल्या बाजूला बोअरच्या पाण्याचा जो पांढरा खर बसतो तोही अडवतो. काजळीला लांब दांड्याचा तारेचा ब्रश, खराला चिंचेचं पाणी रात्रभर. बाहेरून घासायला चिंचमीठ किंवा पितांबरी, ते दिवाळीच्या आधी केलं तरी चालतं, नरक चतुर्दशीला पहाटे झेंडूची माळ घातलेला लखलखीत बंब बघायला मलाही आवडतो, पण आतली सफाई हिवाळाभर महिन्याला एकदा हवीच.

जळण काय वापरायचं तर जे वाळलेलं आहे ते. नारळाची सोडणं आणि करवंट्या झकास पेटतात, तुरकाट्या, मक्याची बुरकुंडं, सुतारकामाच्या ढलप्या, गोवरीचे तुकडे, सगळं चालतं, बंबाची हीच मजा की सरपण विकत आणायची वेळ फारशी येत नाही. लाकूड हातभर लांब नको, वीतभर पुरे. ओलं टाकलं तर धूर आणि चिकट काजळी दोन्ही. प्लॅस्टिक, जुनी चप्पल, दुधाच्या पिशव्या कृपा करून जाळू नका, तो धूर अंगणातल्या माणसांच्याच छातीत जातो.

आणि हे मात्र अगदी कळकळीने सांगतोय, बंब बंद बाथरूममध्ये पेटवायचा नाही. नुसता निखारा राहिला, धूर दिसत नाही म्हणून आत आणून ठेवला तर तो जास्त धोक्याचा, निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला गुंगी येते आणि कळतसुद्धा नाही. अंगणात, पडवीत, मागच्या दारी मोकळ्या जागेत ठेवा. चिमणीचा पाइप जोडला तर धूरही डोक्यावरून जातो आणि जाळालाही ओढ मिळते. दुसरं म्हणजे पाण्याच्या बाजूचं झाकण किंवा तोंड घट्ट बंद करायचं नाही, मेहुण्याच्या बंबाला झाकणाखाली रबराची गोल पट्टी दिली होती, दिसायला फिनिशिंग चांगलं पण वाफेला वाट नको का? ती पट्टी आम्ही काढून टाकली.

त्या नव्या बंबाचं अजून एक, जाळी आत पक्की जोडलेली होती. राख झाडायची तर अख्खा बंब उलटा करा. आमच्याकडची जाळी सुटी आहे, खालून काढता येते, झिजली की लोखंडाच्या दुकानात नवी मिळते. इतकी साधी गोष्ट नव्या माणसांना का सुचत नाही याचं वाईट वाटतं, कारण समोर जुना नमुना असतोच, नुसता बघून केला तरी चालेल.

तर घ्यायला गेलात तर हे करा. नळीतून वरून खाली बघा, खालचं तोंड वरच्यापेक्षा रुंद आहे का. जाळी हाताने निघते का. नरसाळ्याचा असेल तर आत काठी घालून नळी तळापर्यंत जाते का ते मोजा, काही ठिकाणी अर्ध्यावरच कापलेली असते. काठोकाठ पाणी भरून रात्रभर दुकानातच ठेवायला सांगा आणि सकाळी खाली कागद पसरून ओल येते का बघा, खरा कारागीर याला नाही म्हणत नाही. वजन करून घ्या, बिलावर वजन आणि पत्र्याचा गेज, म्हणजे जाडी, दोन्ही लिहून मागा. कड्या रिव्हेटच्या असाव्यात, नुसत्या डागाने चिकटवलेल्या नकोत, भरलेला चाळीस लिटरचा बंब हलवायचा झाला तर पन्नास किलोच्या आसपास भार त्या दोन कड्यांवर येतो.