नखं काढलेलं मांजर: कागदी लिटर की बारीक मातीचं?

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अजूनही मांजराची नखं काढतात. न्यूयॉर्कने 2019 मध्ये बंदी घातली. नखं कसली, बोटाचं शेवटचं हाडच कापतात! म्हणून पहिले 10-14 दिवस मांजराच्या शौचपेटीत कागदी लिटरच (लघवी शोषणारे दाणे) बरं, त्याचे कण जखमेत शिरत नाहीत. पण ते ओलं राहतं, रोज बदलावं लागतं, आणि कडक गोळ्या असतील तर पंजाला टोचतात.

जखम भरल्यावर बिनवासाचं, बारीक, गुठळी धरणारं मातीचं लिटर 5 सेंमी थरात घाला. उकरताना ते मऊ लागतं. बदलताना दोन्ही पेट्या काही दिवस शेजारी ठेवा.

तरीही गादीवरच मुततंय? मग पंजात हाडाचा तुकडा राहिलाय का, ते एक्स-रेत बघा, लघवीही तपासा. बोका लघवी न होता नुसताच कुंथत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.