शेपटीचं टोक, पराची कातर आणि डीएनईझी किट

सरडे, पाली आणि गोड्या पाण्यातल्या माशांच्या उत्क्रांतीवर काम करताना हाती पडणारा टिश्यू नेहमीच थोडा असतो. शेपटीचं टोक, माशाच्या पराची (फिनची) कातर, फार तर यकृताचा मसुराएवढा तुकडा. टिश्यूतून डीएनए वेगळा काढणारं कायजेन कंपनीचं 'डीएनईझी ब्लड अँड टिश्यू' किट नेमक्या अशाच नमुन्यांसाठी उत्तम आहे. मात्र या किटमधलं यश कॉलमवर (सिलिकाचा पडदा असलेल्या छोट्या नळीवर) फारसं अवलंबून नसतं. टिश्यू कुठून घेतला, किती घेतला आणि तो पूर्ण विरघळू दिला का, यावरच निकाल ठरतो.

आधी पद्धत. २५ मिलिग्रॅमपर्यंत टिश्यू बारीक चिरून १८० मायक्रोलिटर एटीएल बफरमध्ये टाकायचा, त्यात २० मायक्रोलिटर प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं विकर) घालायचं आणि ५६ अंश सेल्सियसवर ठेवायचं. टिश्यू विरघळला की २०० मायक्रोलिटर एएल बफर घालून नीट व्होर्टेक्स करायचं (यंत्रावर जोरात हलवायचं), मग तेवढंच ९६ ते १०० टक्के इथेनॉल घालून पुन्हा व्होर्टेक्स. सगळं मिश्रण कॉलममध्ये ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये ८,००० आरपीएमवर १ मिनिट फिरवायचं. एडब्ल्यू१ या धुण्याच्या बफरने ५०० मायक्रोलिटरची एक धुणी, त्याच वेगाने. एडब्ल्यू२ ची तेवढीच दुसरी, पण ती १४,००० आरपीएमवर ३ मिनिटं, म्हणजे सिलिकाचा पडदा कोरडा होतो. शेवटी २०० मायक्रोलिटर एई बफर थेट पडद्यावर टाकून मिनिटभर थांबायचं आणि डीएनए उतरवून घ्यायचा. ग्वानिडिनसारख्या क्षाराच्या दाट द्रावणात डीएनए सिलिकाला चिकटतो, कमी क्षारात सुटतो. सगळा खेळ एवढ्यावरच चालतो.

यातली सर्वात मोलाची पायरी पहिली. इथेनॉलमध्ये ठेवलेला टिश्यू तसाच बफरमध्ये टाकला तर उरलेलं इथेनॉल प्रोटिनेजचं काम मंदावतं. तुकडा टिपकागदावर दाबून काही मिनिटं उघडा ठेवावा, किंवा फॉस्फेट बफरमध्ये भिजवून धुवावा. यकृत दोन-तीन तासांत विरघळतं. शेपटी आणि पर रात्रभर ठेवावेत, आणि शक्य असेल तर हलत्या हीट ब्लॉकवर. प्रोटिनेज के केराटिनही पचवतं, त्यामुळे पालीची कातडी त्याला जड जात नाही. सापसुरळीची गोष्ट वेगळी: तिच्या खवल्यांखाली हाडाच्या चकत्या असतात आणि त्या कधीच विरघळत नाहीत. माशांच्या परातल्या काड्यांचंही तेच. अशा नमुन्यात सकाळी तळाशी गाळ दिसला की नळी फिरवून फक्त वरचं द्रावण पुढे न्यावं. गाळ कॉलममध्ये गेला की पडदा तुंबतो.

तुकडा कुठून घ्यायचा, हा प्रश्न किटच्या पुस्तिकेच्या बाहेरचा आहे आणि इथेच सर्वाधिक नमुने खराब होतात. पालीची मूळ शेपटी वर्गीकरणासाठी लागते, कारण तिच्यावरच्या खवल्यांची मांडणी जातीची ओळख सांगते. शेपटी तुटून पुन्हा उगवलेली असेल तर तुकडा तिथूनच घ्यावा. डीएनए तोच मिळतो आणि वर्गीकरणाचं काही बिघडत नाही. माशाच्या बाबतीत उजव्या बाजूचा पर किंवा उजव्या कुशीतला स्नायू घ्यायचा, कारण खवले मोजायला आणि छायाचित्राला डावी बाजू शाबूत ठेवायचा प्रघात आहे. स्नायू घेताना पोटाच्या आतलं काळं अस्तर सोबत येऊ देऊ नये. त्यातलं मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य डीएनएबरोबर राहतं आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडवतं. काळ्या कातडीच्या सरड्यांतही हा त्रास होतो. अशा वेळी डीएनए दहापट पातळ करणं किंवा पीसीआरमध्ये बीएसए (अडथळा आणणारे घटक बांधून ठेवणारं प्रथिन) घालणं बहुधा कामी येतं. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत चिकटा पुसून टाकायलाच हवा, नाहीतर द्रावण तारेसारखं ओढलं जातं आणि कॉलममधून उतरत नाही.

जास्त टिश्यू म्हणजे जास्त डीएनए, हा समज या किटला सर्वात जास्त बाधतो. रक्ताचं उदाहरण बोलकं आहे. सस्तन प्राण्यांच्या लाल पेशींत केंद्रक नसतं, म्हणून त्यांचं १०० मायक्रोलिटर रक्त चालतं. सरडे आणि मासे यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे त्यांचं ५ ते १० मायक्रोलिटर पुरे. त्याहून जास्त घेतलं तर एएल घातल्याबरोबर जेलीसारखा गोळा होतो आणि कॉलम वाया जातो.

नवं किट उघडताना एडब्ल्यू१ आणि एडब्ल्यू२ मध्ये इथेनॉल घालायचं असतं. ५० नमुन्यांच्या किटमध्ये पहिल्यात २५ मिलिलिटर आणि दुसऱ्यात ३० मिलिलिटर. हे राहून गेलं तर धुणीबरोबर डीएनएही वाहून जातो आणि तो परत मिळत नाही, म्हणून घातल्याची खूण बाटलीवर लगेच करावी. एएल मध्ये पांढरा साका दिसला तर बाटली ५६ अंशांवर ठेवून तो विरघळवावा. एएल आणि एडब्ल्यू१ मध्ये ग्वानिडिन क्षार असतात. त्यांच्या सांडपाण्यात ब्लीच कधीही ओतू नये, घातक संयुगं तयार होतात.

उतरवण्याबद्दल. यकृत असेल तर २०० मायक्रोलिटर ठीक. पराच्या छोट्या कातरीसाठी १०० किंवा ५० घ्यावं: एकूण डीएनए थोडा कमी येतो, पण दाट येतो. नॅनोड्रॉपवर (प्रकाश शोषणावरून डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर) २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास, म्हणजे ठीक, आणि २६०/२३० फारच कमी दिसलं, तर ग्वानिडिन मागे राहिलेलं असतं. पुढच्या नमुन्यांना एडब्ल्यू२ ची धुणी दोनदा द्यावी. यकृतात आरएनए भरपूर असतो आणि नॅनोड्रॉप तोही मोजतो. डीडीरॅडसारख्या (जीनोमचे ठरावीक तुकडे वाचण्याच्या) कामासाठी हा फुगलेला आकडा घात करतो, म्हणून एएल घालण्याआधी ४ मायक्रोलिटर आरएनेझ ए (आरएनए तोडणारं विकर) घालावं आणि मोजणी फक्त डीएनए मोजणाऱ्या क्युबिटवर करावी.

भेसळीकडे माशांवर काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. गोड्या पाण्यातल्या जवळच्या जातींचा संकर होऊन एकीचा मायटोकॉन्ड्रियल (केंद्रकाबाहेरचा) डीएनए दुसरीत शिरल्याची खरी उदाहरणं आहेत. नळीतली भेसळ हुबेहूब तशीच दिसते: सायटोक्रोम बी या मायटोकॉन्ड्रियल जनुकाच्या वंशवृक्षावर मासा भलत्याच जातीत जाऊन बसतो, आणि आरएजी१ सारखा केंद्रकी जनुक त्याला योग्य जागी दाखवतो. मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या प्रती पेशीत इतक्या असतात की कात्रीला चिकटलेला कणही पीसीआरमध्ये वर येतो. म्हणून प्रत्येक खेपेला टिश्यू न घातलेली एक कोरी नळी सगळ्या पायऱ्यांतून न्यावी, आणि असा निकाल आला की मूळ टिश्यूतून पुन्हा डीएनए काढल्याशिवाय संकराचा दावा करू नये.

आता मर्यादा. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या संग्रहालयीन नमुन्यांसाठी हे किट नेहमीच्या पद्धतीने वापरणं म्हणजे दुर्मीळ टिश्यू वाया घालवणं. फॉर्मॅलिनने डीएनए प्रथिनांशी बांधला जातो आणि त्याचे तुकडेही होतात. त्याला गरम अल्कली द्रावणासारखी वेगळी पद्धत आणि वेगळी खोली लागते. दुसरी मर्यादा लांबीची. कॉलममधून येणारे तुकडे बहुतेक २० ते ३० हजार बेसचे, फार तर ५० हजारांचे. पालींचा एनडी२, माशांचा सीओआय, १६एस हे मायटोकॉन्ड्रियल जनुक, अगदी शॉर्ट-रीडने (छोटे तुकडे वाचून) केलेला अख्खा जीनोमसुद्धा यावर आरामात होतो. लाँग-रीडने (लांब तुकडे वाचून) जीनोम जोडायचा असेल तर ताजं गोठवलेलं यकृत किंवा रक्त घेऊन फिनॉल-क्लोरोफॉर्मने डीएनए काढण्याच्या पद्धतीकडेच वळावं.

शेकडो माशांच्या कातरी असतील आणि एकच मायटोकॉन्ड्रियल जनुक हवा असेल, तर मिठाने प्रथिनं खाली बसवण्याची जुनी पद्धत पुरते आणि बरीच स्वस्त पडते. कॉलम राखून ठेवावेत ते प्ररूप नमुन्यांच्या (ज्यांवरून जातीचं नाव ठरतं अशा नमुन्यांच्या) टिश्यूसाठी, एकुलत्या एक शेपटीसाठी आणि डीडीरॅडला जाणाऱ्या नमुन्यांसाठी.