प्रथमोपचार वर्ग, इंदूर : बाहुली एक, बघे बावीस

इंदूरच्या रामबाग भागात गेल्या रविवारी झालेल्या चार तासांच्या प्रथमोपचार वर्गाला मी दोनशे रुपये भरून गेलो होतो. छातीवर 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब कसा द्यावा, हे प्रशिक्षकांनी सरावाच्या बाहुलीवर नीट शिकवले. पट्ट्या बांधण्याचा भाग मात्र उरकण्यात आला.

पैसे वसूल झाले ते तिसऱ्या तासाला. “कोण पुढे येतंय?” असे त्यांनी विचारले, तेव्हा शेजारचा उठेल या भरवशावर आम्ही बावीसही जण जागचे हललो नाही. तोच धागा पकडून त्यांनी जॉन डार्ली आणि बिब लाताने यांचा 1968 चा प्रयोग सांगितला. पलीकडच्या खोलीतील माणसाला झटका आल्याचे ध्वनियंत्रणेवरून ऐकू येताच, ते ऐकणारे आपण एकटेच आहोत असे समजणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक झटका थांबण्याआधी मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी जेमतेम 31 टक्के उठले. म्हणून “कोणीतरी फोन करा” असे न ओरडता एकाकडेच बोट दाखवावे, हे त्यांनी आमच्याकडून घोटून घेतले, आणि राजवाड्यावरच्या गर्दीत मराठी किती जणांना कळणार, या हिशेबाने चक्क हिंदीतून : “नीली शर्टवाले भैया, आप 108 लगाइए.” निळ्या शर्टातले काका दचकून खरोखरच फोन लावू लागले होते!

दोन गोष्टी खटकल्या. न्यूयॉर्कमध्ये 1964 साली 38 शेजारी एका तरुणीचा खून नुसते पाहत राहिले, ही वर्तमानपत्री हकिकत अतिरंजित होती, हे पुढे उघड झालेले असताना ती येथे निखळ सत्य म्हणून सांगितली गेली. दुसरी उणीव मोठी आहे. आपल्याकडे अपघातस्थळी पाय अडखळतात ते बऱ्याचदा पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने. तरीही अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायदेशीर संरक्षण देणाऱ्या, मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीचा उल्लेखसुद्धा झाला नाही.

आणि बाहुल्या वाढवाव्यात. प्रत्यक्ष दाब देण्याची माझी पाळी एकदाच आली, तीही दीड मिनिटापुरती.