सिंकचा नळ, आठ महिने आणि उलटी फिरवलेली पाव फेरी

नेरूळच्या आमच्या घरी स्वयंपाकघरातील सिंकवर, भिंतीतून निघणारा फिरत्या तोटीचा नवा नळ बसवून आता आठ महिने झाले. तीन महिन्यांनी लिहिले असते, तर त्याला मी एकही तारा दिला नसता. नळ स्वतः चांगला आहे, हे आज मान्य करतो. मूठ पाव फेरीत उघडते, धार फेसाळ पडते आणि तोंडाची जाळी महिन्यातून एकदा काढून धुतली की पुरते.

तिसऱ्या महिन्यात सिंकखालच्या कपाटाची प्लायवूडची फळी फुगलेली दिसली. नळ भिंतीत शिरतो तिथला जोड झाकणाऱ्या गोल चकतीच्या खालच्या कडेला दर सेकंदाला साधारण एक थेंब जमत होता. रात्री दहा वाजता वाटी ठेवली, नंतर पातेले ठेवावे लागले, आणि सकाळी सहापर्यंत जवळजवळ दीड लिटर पाणी निघाले. कंपनीच्या माणसाने नळ पाहून सांगितले की गळती आट्यांतून आहे आणि फिटिंग हमीत येत नाही; या एका वाक्याचे त्याने साडेतीनशे रुपये घेतले. त्या वेळी मी भांडलो, पण त्याचे म्हणणे बरोबर होते. साडेतीनशे मात्र अजून सलतात.

मूळ प्लंबरने येऊन चकतीभोवती सिलिकॉन भरले. पंधरा दिवस बाहेर सगळे कोरडे होते, आणि मग भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, बेडरूममध्ये, रंगाला फोड आले. सिलिकॉनने सांध्याची गळती थांबत नाही, फक्त पाण्याची बाहेर येण्याची वाट बंद होते, हे इतक्या खर्चानंतर कळले. आमचे घर पहिल्या मजल्यावर आणि टाकी सात मजली इमारतीच्या गच्चीवर. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार (दाब मोजण्याचे एकक) या हिशेबाने आमच्या नळावर पावणेदोन बारच्या आसपास दाब असतो, त्यामुळे वरच्या मजल्यावर कदाचित नुसता पाझरला असता असा सांधा आमच्याकडे टपकला.

शेवटी वाल्व्ह बंद करून नळ मीच काढला. अर्धा इंची आट्यांवर गळती रोखायला गुंडाळलेला टेफ्लॉन टेप एका बाजूला गोळा होऊन फाटलेला होता, आणि ते पाहताच बसवण्याच्या दिवसाचा प्रसंग आठवला. प्लंबरने नळ घट्ट केला तेव्हा मूठ घड्याळात तीन वाजतात तिथे गेली होती. ती सरळ वर हवी म्हणून मीच आग्रह धरला आणि त्याने नळ पाव फेरी उलटा फिरवला. घट्ट झालेला टेपचा सांधा मागे फिरवला की आट्यांत दाबून बसलेला टेप सैल होतो आणि पाण्याला वाट मिळते. मग तो पूर्ण काढून, जुना टेप खरवडून नव्यानेच करावा लागतो. हे प्लंबरला ठाऊक असणारच, तरी तो बोलला नाही, हा माझा त्याच्यावरचा एकमेव राग.

नवा टेप आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळला, म्हणजे नळ बसवताना तो उलगडत नाही. दहा वेढ्यांनी मूठ बारावर आली तरी नळ सैलच राहिला. काढून, पुसून, चौदा वेढे घेतले, तेव्हा तो बाराच्या थोडा पुढे, एकच्या जागी घट्ट झाला. अधिक रेटले नाही, कारण भिंतीतला एल्बो, म्हणजे नळ ज्यात बसतो तो पाइपचा कोपरा, चिरला तर टाइल फोडावी लागते. चकतीभोवतीचे सिलिकॉनही काढून टाकले, म्हणजे पुन्हा गळलेच तर निदान दिसेल. नव्या टेपच्या रिळाला वीस रुपये पडले.

पाच महिने झाले, चकतीखाली रोज बोट फिरवून पाहतो, कोरडे असते. नळ वाकडा का बसवलास, असे आईने पहिल्याच दिवशी विचारले. मी कपाट उघडून तिला फुगलेली फळी दाखवली.